न्यू जर्सी: बेबीसिटरच्या नवऱ्याला आइसने (इमिग्रेशनच्या पोलिसांनी) उचललंय, फुकट वकील मिळतो का?

दोन_वाट्या_साखर:
एडिसनला राहते. माझ्या लेकीला सांभाळायला येते ती ग्वाटेमालाची आहे. मंगळवारी पहाटे कामावर जाताना तिच्या नवऱ्याला पकडलं. १३ वर्षं झाली त्याला इथे, बॉर्डर ओलांडूनच आलेला, पोरं दोन, ९ आणि ६, दोघंही इथे जन्मलेली. काल ती आली ती तशीच ओट्याशी उभी राहून किराणाच्या पिशवीतून कागद काढत बसली, लाइटबिलं, लसीची कार्डं, भाड्याच्या पावत्या, म्हणे यातलं काय लागेल बघ. मला काय कळणार, मी स्वतःच एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाच्या जोरावर. ओळखीतला एक 'नोतारियो' ३००० डॉलर मागतोय, पोरं सिटिझन आहेत म्हणजे काम होणारच म्हणतो. खरंय का? आणि मी यात पडले तर आमच्या व्हिसाचं काही होईल का (विचारायला लाज वाटतेय पण विचारते)

शनिवारचा_हमाल:
ताई एक पैसा देऊ नका!! त्यांच्या देशांत नोतारियो म्हणजे मोठा वकील, इथला नोटरी नुसता शिक्का मारतो, लोक नेमके इथेच फसतात. मी वकील नाही, एका लीगल क्लिनिकमध्ये शनिवारी फॉर्म भरायला जातो. सिटिझन पोरगा बापासाठी २१ वर्षांचा झाल्यावरच अर्ज करू शकतो, आणि बाप असा आलेला असेल तर त्याला बहुतेक वेळा आधी देश सोडावा लागतो, सोडला की १० वर्षांची बंदी. खरा मार्ग म्हणजे इमिग्रेशन कोर्टात 'कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल', म्हणजे देशाबाहेर काढणं रद्द करून घेणं. १० वर्षं सलग वास्तव्य, रेकॉर्ड स्वच्छ, आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्या बायकोपोरांवर किंवा आईवडिलांवर फारच असाधारण संकट येईल हे सिद्ध करायचं. पोरं रडतील एवढ्यावर भागत नाही, आजारपण, शाळेतली स्पेशल मदत असलं काही लागतं. वर्षाला ४००० च जणांना मिळतं. ती पिशवी जपा, १० वर्षांचा पुरावा तिच्यातूनच निघणार. आणि त्याला निरोप द्या की वकिलाशी बोलल्याशिवाय कशावर सही करायची नाही.

पार्सिपनीची_मावशी:
या कोर्टात सरकार वकील देत नाही, क्रिमिनल कोर्टासारखं नाही ते. पण न्यू जर्सीत डिटेन्शनमधल्या लोकांसाठी राज्याच्या पैशातून फुकट वकील देणारी योजना २०१८ पासून आहे, लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी, अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी, रटगर्स आणि सीटन हॉल विद्यापीठांची लॉ क्लिनिक्स. सगळीकडे फोन लाव, एकाच्या भरवशावर बसू नकोस. आधी त्याचा ए-नंबर (इमिग्रेशनच्या फाइलचा नंबर) शोध, तो आणि जन्मदेश टाकला की आइसच्या लोकेटरवर कुठे ठेवलंय ते कळतं. बॉण्डचं, म्हणजे जामिनाचं विचारशील तर सप्टेंबर २०२५ च्या इमिग्रेशन अपील बोर्डाच्या निकालाने असं बॉर्डर ओलांडून आलेल्यांना बॉण्ड द्यायचे इमिग्रेशन जजचे हातच बांधले, म्हणून वकील फेडरल कोर्टात हेबियस (कोठडीच बेकायदा आहे असा अर्ज) टाकतायत. ते लगेच विचार, बसून राहू नकोस.

रांगेत_उभा:
आम्ही १२ वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत, टॅक्स भरतो, आणि बॉर्डर उडी मारून आलेल्यांना फुकट वकील. असो.

शनिवारचा_हमाल:
@रांगेत_उभा रांग मलाही आहे हो, माझा पोरगा पुढच्या वर्षी २१ चा होतोय, एच-४ संपला की त्याचंही काय ते बघायचंय. पण त्या ६ वर्षांच्या पोराने कुठली रांग मोडली?
ताई, वकील शोधून देणं, कागद लावून देणं हा गुन्हा नाही. पण तिचे स्वतःचे पेपर काय, पगार कसा देता, हे इथे लिहू नका, वकिलालाच सांगा. तिचेही पेपर नसतील तर तिने भेटायला डिटेन्शन सेंटरला जाऊ नये. पोरांचे पासपोर्ट काढून ठेवा, शाळेत आणीबाणीचं नाव म्हणून ज्याचे इमिग्रेशनचे पेपर नीट आहेत असं कोणीतरी द्या, आणि आईलाही नेलं तर पोरं कोणाकडे, त्याची पॉवर ऑफ अटर्नी आत्ताच करा.

दोन_वाट्या_साखर:
लीगल सर्व्हिसेसला तिसऱ्या दिवशी फोन लागला!! ए-नंबर तिच्या फोनमधल्या एका जुन्या फोटोत सापडला. उद्या साडेनऊला बोलणार आहेत, दुभाषी तेच देणार. नोतारियोला नाही म्हणून सांगितलं. आत्ता जमिनीवर बसून दोघी बिलं वर्षाप्रमाणे लावतोय, २०१६ चं एकही सापडत नाहीये.