जुना स्वेटर उसवून लोकर काढतेय, मदत हवी आहे

मंडळी, जुन्या कपड्यांच्या दुकानात ढिगाच्या तळाशी एक मोठा राखाडी स्वेटर मिळाला. नव्या लोकरीच्या दोन गुंड्यांना पडतील तेवढ्या पैशांत अख्खा स्वेटर! घेण्याआधी उलटा करून शिवणी पाहिल्या. पाठ, पुढा, बाह्या वेगवेगळ्या विणून जोडल्या आहेत. (कडा ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे मशीनने कापून शिवलेल्या असत्या तर तिथेच ठेवून आले असते, कारण त्यात प्रत्येक ओळीचा धागा कापलेला असतो आणि हाती नुसते तुकडे येतात.) लेबल नव्हतं. घरी धाग्याचं टोक जाळून पाहिलं तर केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, म्हणजे लोकरच. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

एक बाही उसवून झाली. धागा सगळा नागमोडी झालाय. लडी करून कोमट पाण्यात भिजवणार आहे, पण वाळताना खाली वजन बांधायचं का? लोकर ताणली जाऊन पुढे विणलेलं आखडेल अशी भीती वाटते.

दुसरं जास्त काळजीचं. काखेजवळ दोन बारीक भोकं आहेत आणि कडेला वाळूसारखे कण दिसतात. ही कसरच ना? पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवतात असं ऐकलंय. किती दिवस ठेवू? बाकीची लोकर तूर्तास दुसऱ्या खोलीत हलवली आहे.

आणि भोकांपाशी तुटलेला धागा गाठ न मारता कसा जोडता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.