कामगार प्रतिनिधीला अटक झाली, तर बाहेरच्यांनी जाब विचारावा का?

तापीकाठ (जळगाव)
बेलारूसमध्ये एप्रिल २०२२ मध्ये स्वतंत्र कामगार महासंघाचे अध्यक्ष अलेक्सांदर यारोशूक यांना पकडलं. हे गृहस्थ आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नियामक मंडळावर होते. डिसेंबरमध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यावर जून २०२३ मध्ये आयएलओच्या वार्षिक श्रम परिषदेने बेलारूसविरुद्ध संघटनेच्या घटनेचं कलम ३३ वापरलं, म्हणजे चौकशी आयोगाच्या शिफारशी न पाळणाऱ्या देशावर कारवाई करण्याचं कलम. संघटनेच्या शंभरावर वर्षांच्या इतिहासात हे दुसऱ्यांदाच झालं, आधी २००० साली म्यानमारवर.

ही बातमी आमच्या कामगारांच्या गटात टाकली, तर निम्म्या लोकांचं म्हणणं आलं की ज्याच्या त्याच्या देशाचा प्रश्न आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. मला हे अजिबात मान्य नाही. १९२९ च्या मीरत खटल्यात, म्हणजे ब्रिटिश सरकारने कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यात, डांगे, घाटे, जोगळेकर, मिरजकर हे आपलेच लोक आत होते. खटला चार वर्षं रेंगाळला. जानेवारी १९३३ ला डांग्यांना बारा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आइनस्टाइन, रोमाँ रोलाँ यांच्यासारख्यांनी निषेध केला, ब्रिटनमधल्या कामगारांनीही आवाज उठवला. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने डांग्यांची शिक्षा तीन वर्षांवर आणली. तेव्हा आपल्याला बाहेरचे लोक चालले, मग आता का नकोत?

चटईवाला (जळगाव एमआयडीसी)
मीरतचा दाखला इथे लागू होत नाही. तेव्हा राज्य परक्यांचं होतं. आज कोर्ट आपलं आहे, सरकार आपण निवडलेलं आहे. माझा चटईचा लहान कारखाना आहे. आमचा माल बाहेर जातो, म्हणून सांगतो: परदेशातून कामगार हक्कांचा मुद्दा निघाला की तो शेवटी खरेदीदाराच्या हाती भाव पाडायचं हत्यार होतो. मोठी कंपनी चार सल्लागार ठेवून निभावून नेते. आमच्यासारख्याची ऑर्डर गेली की लूम बंद आणि पहिल्यांदा कामगारच घरी बसतो.

आणि प्रत्येक अटक काही अन्यायाची नसते. जुलै २०१२ ला मानेसरच्या मारुतीच्या कारखान्यात कामगारांच्या वादातून हिंसाचार झाला, एक व्यवस्थापक आगीत गेला. त्याच्या घरच्यांना न्याय नको का?

तापीकाठ
हवाच, त्यात दुमत नाही. पण त्याच प्रकरणात दीडशेच्या आसपास कामगार पकडले, बहुतेक जण दोन वर्षांहून जास्त आत राहिले, आणि मार्च २०१७ मध्ये ११७ निर्दोष सुटले. ३१ दोषी ठरले. जन्मठेप झालेल्या तेरा जणांत बहुतेक युनियनचे पदाधिकारी. त्या ११७ जणांची वर्षं कोण परत करणार?

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. २०१३ मध्ये याच कामगारांना जामीन नाकारताना पंजाब-हरियाणा हायकोर्टाने लिहिलं की कामगारांच्या अशांततेच्या भीतीने परदेशी गुंतवणूकदार भारतात पैसा घालणार नाहीत. म्हणजे एका कामगाराला आत ठेवताना परदेशातल्या भांडवलाचं मत विचारात घेतलं जातं. मग परदेशातल्या कामगार संघटनेने ‘हा माणूस आत का आहे?’ एवढं विचारलं, तर ती ढवळाढवळ कशी?

भुसावळ जंक्शन
आमच्या रेल्वेच्या गावात १९७४ च्या रेल्वे संपाचा विषय अजून निघतो. संप ८ मे रोजी सुरू व्हायचा होता, संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिसांना २ मे लाच उचललं. पुढे देशभर हजारो लोक आत गेले, कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढलं. सरकार आपणच निवडलेलं होतं, चटईवाले भाऊ.

काळा कोट (धुळे)
थोडी माहिती देतो, दोन्ही बाजूंचा गैरसमज दिसतो. आयएलओची संघटन स्वातंत्र्य समिती १९५१ पासून आहे. तिच्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी बसतात, म्हणजे मालकांचाही आवाज तिथे असतो. भारताने आयएलओचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार (संघटना करण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क) स्वीकारलेले नाहीत, तरी आपल्याबद्दल तक्रार जाऊ शकते. समिती कुणाला दोषी वा निर्दोष ठरवत नाही. आरोप नेमका काय, तो माणसागणिक वेगळा आहे का, खटला लवकर चालतोय का, हे सरकारला विचारते. युनियनचा माणूस म्हणून गुन्ह्याला सूट मिळते, असं ती कधीच म्हणत नाही.

तिच्या हातात दंडुका मात्र नाही. दक्षिण कोरियात कामगार महासंघाचे अध्यक्ष हान सांग-ग्युन डिसेंबर २०१५ मध्ये आत गेले, सुटले २०१८ च्या मे महिन्यात. कोरियाने हे दोन करार स्वीकारले २०२१ मध्ये, तेही युरोपियन युनियनने व्यापार कराराखाली वाद उभा केल्यावर.

चटईवाला
मी हेच म्हणत होतो. दाब शेवटी व्यापाराचाच आला. कोरिया तो सोसू शकतो, जळगावचा लघुउद्योग नाही. माझं मत तेच आहे. कामगार आतच सडला तर मलाही वाईट वाटेल, पण त्यासाठी आपलं हायकोर्ट लवकर चालवा.

पांझराकाठ (धुळे)
भाऊ, मना बाप मिलमा व्हता. तेव्हा युनियनचा माणूस पकडला की गेटवर शेकडो लोक जमायचे. साने गुरुजी अमळनेरला गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, ते याच खान्देशात. आता मिलचं गेट नाही, कामगार ठेकेदाराचा. बोलणारा पकडला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस येतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप केला तर एक महिन्यापर्यंत कैद आहे. अशा माणसाची तक्रार जिनिव्हाला, आयएलओकडे, करणार कोण, हे वकीलसाहेबांनी सांगावं.

काळा कोट
एकट्या माणसाची तक्रार तिथे घेत नाहीत, संघटनेची लागते. ठेका कामगारांनाही युनियन करता येते. अटक झाली तर त्याच दिवसापासून कागद ठेवा: एफआयआरची प्रत, अटकेची वेळ, लावलेली कलमं, जामिनाचा प्रत्येक आदेश, आधी दिलेलं मागणीपत्र आणि त्याची पोच. मग आपल्या केंद्रीय महासंघामार्फत पाठवा. इथला खटला संपायची वाट पाहावी लागत नाही. मागणीपत्राची पोच मात्र सांभाळा, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे नेमकी तीच नसते.