माळ्यावर सापडलेली अर्धी कादंबरी

परवा माळा आवरताना सुतळीने बांधलेला फुलस्केप कागदांचा गठ्ठा हाती आला आणि काम तिथेच सोडून मी वाचत बसले. पानशेतच्या पुरावर लिहायला घेतलेली माझी दुसरी कादंबरी १८० पानांवर थांबली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्याखाली गेले, हे सारे मी ग्रंथालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतून टिपून काढले होते. परंतु टिपणे वाढत गेली तसतशी माझी नायिका बोलेनाशी झाली, कारण प्रत्येक प्रकरणात तिच्या आधी पाणीच शिरत होते. अर्धवट राहिलेल्या लेखनाचे आपण काय करता, हे लिहिणाऱ्यांनी अवश्य सांगावे.

मोगरा : नोकरी सांभाळून लिहिते, त्यामुळे पहाटे साडेचारपासून नळाला पाणी येईपर्यंतचाच वेळ माझा असतो. पहिले प्रकरण तीनदा रद्द केले आणि चौथे जमले ते दुसऱ्या खर्ड्यातल्या एका वाक्यामुळे. तेव्हापासून एकही कागद रद्दीत देत नाही.

जुना मुद्रितशोधक : हरिभाऊ आपटे यांनी पुण्यातच १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः छापल्या. छापून गेलेले प्रकरण मागे घेता येत नाही, हे ठाऊक असताना पुढचे लिहायला केवढे धैर्य लागत असेल, असे मुद्रिते तपासताना मला नेहमी वाटे. आपल्याला गठ्ठा बांधून ठेवण्याची मुभा आहे, ती वापरावी.

शनिवारकर : आमचा वाडा त्या पुरात गेला. आजी मात्र पाण्याविषयी फारसे बोलतच नसे. त्या रात्री एका अनोळखी बाईने तिला नेसायला दिलेल्या जांभळ्या लुगड्याविषयीच सांगत असे.

(धागाकर्ती) शनिवारकर, आपला प्रतिसाद वाचून मी त्या गठ्ठ्याची सुतळी पुन्हा सोडली आहे. आजींनी ते लुगडे परत केले का?

शनिवारकर : ती बाई पुन्हा भेटली नाही. आजीने ते कधी नेसले नाही. दर दसऱ्याला उन्हात घालून, घडी करून ट्रंकेत ठेवत असे.