प्रति: न आवडणारं काम आणि कलस्सैकर 3:23

वर कोणीतरी लिहिलंय की ज्या कामाचा वीट येतो ते देवानं आपल्यासाठी ठेवलेलंच नसतं, सरळ सोडावं. मला नाही पटत. 'जिवेभावे करा, प्रभूसाठी म्हणून करा' हे बायबलमधलं वचन (प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातलं, 3:23) आपण सगळेच सांगतो पण आधीची ओळ बघा ना, 3:22 ची सुरुवातच 'दासांनो' अशी आहे, म्हणजे पौल हे ज्यांना काम निवडायची मुभाच नव्हती त्यांना सांगतोय. (अन्याय मुकाट सोसा असा अर्थ मी काढत नाहीये.)

मी हॉस्पिटलच्या बिलिंगला आहे, मेडिक्लेमच्या रिजेक्ट झालेल्या फायली परत पाठवायचं काम गळ्यात पडलं तेव्हा रोज सकाळी पोटात गोळा यायचा. मग एक सवय लावली, फाईल उघडली की आधी पेशंटचं नाव घेऊन एका वाक्यात प्रार्थना आणि मग डिस्चार्ज समरी नीट वाचायची. काम अजूनही तेवढंच किचकट आहे, पण परवा एका फाईलमध्ये अ‍ॅडमिशनची तारीख चुकलेली दिसली, क्लेम फक्त तेवढ्यावर अडकला होता, आणि बाहेर बाकावर त्या आजी मांडीवर डबा घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. आधीची मी असते तर ती फाईल नुसती पुढे ढकलली असती.