शाळा सुटली की पोरं कुठं? पाळणाघराच्या आठवणी लिहा

मुग्धा_गावभाग
काल आईच्या माळ्यावर स्टीलचा डबा सापडला. झाकणावर लाल नेलपॉलिशनं ‘मु’. पाळणाघरात न्यायचे तो! शाळा बाराला सुटायची, आई मिरजेहून सहाला यायची. मधले सहा तास काकूंकडे. आमटी-भात, मग सक्तीची झोप. पापण्यांच्या फटीतून पंखा बघत पडायचं. साडेपाचनंतर सगळ्यांचे कान रस्त्याला. कुणाच्या आईची लुना, कुणाच्या बाबांची राजदूत, आवाजावरनं कळायचं. शेवटी उरेल त्याला काकू ओट्याजवळ बसवून गरम पोळी-तूप द्यायच्या. म्हणून आईला उशीर झालेला मला आवडायचा. हे काल तिला सांगितलं तर रडायलाच लागली. तीस वर्षं तिच्या मनात होतं, पोरीचे हाल केले. माझा लेक यंदा पहिलीत. तुमचंही लिहा.

विश्रामबागवाली
पोळी-तूप 😭 आमच्याकडच्या बाई फक्त बिस्किटं.

दोन_पोरांचा_बाप
सुटल्यावरचं सोडा, माझा घोळ सकाळचा आहे. २०२४ पासून चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी नाहीत. झोप होते पोरांची, चांगलंच आहे. पण माझी शिफ्ट आठची, बायकोची बस सव्वाआठची. मधला पाऊण तास शेजारच्या आजी सांभाळतात. दिवाळीला त्यांना साडी घेतली.

स्नेहल
माझा वाईट आहे अनुभव. मुलगा रोज पोट दुखतं म्हणायचा. एकदा न सांगता तीनला गेले. सात मुलं टीव्हीसमोर ओळीत आणि माझा ओल्या चड्डीत. ‘आत्ताच झाली हो.’ चड्डी कडेनं वाळलेली होती. दुसऱ्या दिवसापासून बंद. फी, रंगीत भिंती काही बघू नका, अवेळी जाऊन या.

विश्रामबागवाली
बाप रे. आता कसा आहे?

स्नेहल
आता आजोळी. नातवाचे इतके लाड की परत पोट दुखतं, पण खाऊन 😄

कुपवाड_शिफ्ट
५० किंवा जास्त माणसं कामाला असली की पाळणाघराची सोय हवी, २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत आलं. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं.

रेश्मा_के
आमच्यात ४८ जण आहेत. कधीही मोजा, ४८च 😂

आजी_ऑन_ड्यूटी
मी घरीच चौघांना सांभाळते. आईबापांनी सहा म्हटलं की सहाला यावं एवढंच. पोरगं दारात चप्पल घालून बसतं, ते बघवत नाही. पोळी-तूप रोज कुठनं आणू?

कृष्णाकाठ
२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या पाळणाघरवाल्या काकूंचं घर पाण्यात. उतरल्यावर फोन आला, वाटलं मदत मागतील. तर म्हणाल्या, “अहो, पोरांच्या दुलया गेल्या सगळ्या.”

स्नेहल
अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

दोन_पोरांचा_बाप
या काकू अजून घेतात का मुलं?

कृष्णाकाठ
नाही हो, गुडघे गेले. भडंग मात्र अजून करतात, घरी गेलं की पिशवी हातात.

विश्रामबागवाली
ते सगळं ठीक. मुग्धाताई, तीस वर्षं टिकलेलं नेलपॉलिश कुठलं गं? माझं भांडी घासून दोन दिवसांत जातं.

मुग्धा_गावभाग
आईला विचारते 😄 आत्ता लेकाला आणायला निघालेय, दहा मिनिटं उशीर झालाय.