एप्रिलअखेरची अंदमान सहल : हॉटेलची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी

ए-104
सर्वांना नमस्कार. सोसायटीच्या गच्चीवरच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे आपल्या सहा कुटुंबांची, म्हणजे लहानमोठ्या एकवीस जणांची अंदमान सहल नक्की झाली आहे आणि माणशी खर्च 38,000 रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हेही सर्वांनी मान्य केले आहे. स्वराज द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरील, दोन हॉटेलांची छायाचित्रे सोबत पाठवत आहे. दोन्ही समुद्राला लागून आहेत आणि दुसऱ्याचे भाडे खोलीमागे 700 रुपयांनी कमी आहे. उद्या सायंकाळपर्यंत संमती कळवावी, म्हणजे आगाऊ रक्कम भरून टाकता येईल.

सी-302
सर, आपण एवढी धावपळ करत आहात, त्याबद्दल मनापासून आभार. परंतु आगाऊ रक्कम दोन दिवस थांबवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही वडिलांना घेऊन त्याच बेटावर गेलो होतो आणि अशीच छायाचित्रे पाहून हॉटेल ठरवले होते. छायाचित्रात पायरीला निळे पाणी लागलेले दिसत होते. आम्ही दुपारी साडेतीनला पोहोचलो, तेव्हा पाणी कुठेच नव्हते. पायरीपासून दूरवर काळपट दगड, मेलेले प्रवाळ आणि त्यांत साचलेली डबकी होती, एक लाकडी होडी चिखलात कुशीवर कलंडलेली होती आणि नखाएवढे खेकडे भोकांतून आतबाहेर करत होते. वडिलांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून वीस-पंचवीस पावले टाकली, दगड टोचू लागले तसे ते मागे फिरले आणि पायरीवर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला आलेल्या माणसाला त्या दिवशी समुद्रात पाय बुडवता आला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

हॉटेलवाल्याने खोटे छायाचित्र लावले होते, असे मी म्हणणार नाही. ते भरतीच्या वेळी काढलेले होते, एवढेच. स्वराज द्वीपाचा पूर्वेकडचा किनारा, म्हणजे गोविंदनगर आणि विजयनगरची बाजू, उथळ आणि प्रवाळाच्या खडकांची आहे, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जाते. परवडणारी बहुतेक हॉटेले याच बाजूला आहेत आणि आपण पाठवलेली दोन्हीही तिथलीच आहेत. ज्या पांढऱ्या पुळणीसाठी लोक तिथे जातात ती राधानगरची पुळण पश्चिमेला आहे, जेट्टीपासून सुमारे 12 किलोमीटरवर. तिथे वाळू मऊ आहे आणि कोणत्याही वेळी पाण्यात उतरता येते, पण शेजारची हॉटेले आपल्या आवाक्याबाहेरची आहेत.

बी-201
मग हॉटेल पूर्वेलाच घ्यावे लागणार असेल, तर समुद्राला लागून असण्याचे जादा पैसे कशासाठी द्यायचे, ताई? बाजाराजवळ साधी स्वच्छ खोली घेऊन रोज राधानगरला गेलेले स्वस्त पडेल. शिवाय दिवाळीच्या सुटीत गेलो तर मुलांची शाळाही बुडणार नाही, याचाही विचार व्हावा.

सी-302
भाऊ, आपला पहिला मुद्दा मला पूर्ण पटतो. दुसऱ्याबाबत मात्र सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळे उठण्याचेही तेच दिवस असतात. समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि माणूस ज्या बेटावर असेल तिथेच अडकतो. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते, पण गर्दीमुळे भाडी चढलेली असतात. एप्रिलअखेर समुद्र बहुधा शांत असतो, भाडी उतरलेली असतात आणि मान्सून तिथे साधारण 20 मेच्या सुमारास पोहोचतो. मुलांच्या परीक्षा संपताच निघालो, तर मधले आठ-दहा दिवस आपल्याला अगदी योग्य आहेत. नांदेडच्या त्या दिवसांतल्या उन्हातून सुटका होईल ती वेगळीच, जरी दमटपणा तिथे भरपूर असला तरी.

सी-101
माझे माहेर मालवणचे असल्यामुळे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा भरतीला पाणी खूप वर चढते आणि ओहोटीला तितकेच दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा दोन्हींतला फरक कमी असतो. सी-302 ताई कोणत्या तिथीला गेल्या होत्या?

सी-302
काकू, पौर्णिमा नुकतीच झाली होती! ही गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. आताच कॅलेंडर काढून पाहिले. आपण 27 एप्रिलला पोहोचत आहोत आणि दुसऱ्या दिवशी वद्य अष्टमी आहे, म्हणजे भांगाचे दिवस आपल्याला आपसूकच मिळत आहेत.

बी-403
आमच्या सासूबाईंचे वय 78 आहे आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना समुद्रापेक्षा सेल्युलर जेल पाहण्याची ओढ अधिक आहे. बेटे कमी झाली तरी चालतील, पण रोज सामान बांधणे आणि बोटीत चढणे-उतरणे त्यांना झेपणार नाही.

सी-302
वहिनी, माझे म्हणणे नेमके इथेच येऊन ठेपते. प्रवासी कंपन्या पाच रात्रींत तीन बेटे आणि चार हॉटेले दाखवतात. कागदावर ते भरगच्च दिसते, पण प्रत्येक मुक्काम बदलताना खोली सोडणे, जेट्टीवर ताटकळणे, बोट, दुसरी गाडी आणि दुपारी खोली मिळेपर्यंत सामानाशेजारी बसणे, यांत अर्धा दिवस आणि बराच पैसा जातो. तिथे अर्धा दिवस जाणे आपल्याला वाटते त्यापेक्षा महाग आहे, कारण घड्याळ आपलेच असले तरी बेटे आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहेत. एप्रिलअखेर नांदेडला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तिथे मात्र साडेपाचलाच मावळतो आणि पहाटे पाचला उजाडते. दुपारच्या बोटीने पोहोचणाऱ्याला त्या दिवसाचा समुद्र मिळतच नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. पहिली रात्र श्री विजयपुरममध्ये, म्हणजे पोर्ट ब्लेअरला, काढावी आणि त्याच सायंकाळी सेल्युलर जेल व तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहावा. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर असल्याने आजींना जिने चढावे लागतील. त्यांना सावकाश नेण्यासाठी आम्ही दोघे सोबत थांबू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप गाठावे आणि सलग तीन रात्री एकाच हॉटेलात राहावे. परतीला सकाळी शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नीलवर, उतरून दुपारच्या बोटीने श्री विजयपुरमला यावे आणि शेवटची रात्र तिथेच काढावी, म्हणजे बोटीला उशीर झाला तरी परतीचे विमान चुकणार नाही. शहीद द्वीपावरचा खडकांचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच जवळून पाहता येतो, त्यामुळे तिथला क्रम त्या दिवशीची भरती-ओहोटी पाहून ठरवावा.

ए-104
मुद्दे पटले. आगाऊ रक्कम थांबवतो. मग हॉटेलला नेमके काय विचारू, ते सांगावे.

सी-302
सर, पहिल्यांदा बोटीची तिकिटे घ्यावीत आणि मग हॉटेल ठरवावे. सकाळच्या बोटीत एकवीस जागा एकत्र मिळणे खोल्या मिळण्यापेक्षा अवघड आहे. खासगी बोटीला साधारण दीड तास लागतो. सरकारी बोट स्वस्त असते पण वेळ अधिक घेते. आजींसाठी खासगीचे जादा पैसे देणे मला रास्त वाटते.

हॉटेलला मी विचारेन ते असे : ओहोटीच्या वेळी समोरचा किनारा कसा दिसतो, त्याचे आजचे छायाचित्र पाठवा. तळमजल्यावर दोन खोल्या नक्की मिळतील का? वीज गेल्यावर जनरेटरवर वातानुकूलन चालते की फक्त दिवे आणि पंखे? बेटावरची वीज बरीचशी डिझेलवरच तयार होते, म्हणून हा प्रश्न उन्हाळ्यात टाळू नये. भाड्यात कर धरला आहे का? 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे. कोणी अजूनही 12 टक्के सांगत असेल तर नम्रपणे लक्षात आणून द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे लेखी घ्यावे. फोनवरच्या 'काळजी करू नका' या शब्दांवर एकवीस जणांचे पैसे गुंतवू नयेत.

बी-201
विमानाच्या तिकिटांचे मी पाहतो. नांदेडहून रात्रीच्या रेल्वेने हैदराबाद आणि तिथून पुढे विमान, हा मार्ग सोयीचा आहे. संकेतस्थळावर एका वेळी नऊच प्रवाशांची तिकिटे निघतात. नऊ जागा एकदम मागितल्या आणि स्वस्त जागा चारच उरल्या असल्या, तर सर्व नऊ जणांना वरचा दर लागतो, म्हणून मी कुटुंबागणिक वेगवेगळी तिकिटे काढेन. सर्वांनी आधार कार्डावर आहे तसेच नाव पाठवावे.

सी-101
आमच्यासह तीन कुटुंबे शाकाहारी आहेत. तिथे मासळी सर्वत्र मिळते, पण वेगळे शिजवलेले शाकाहारी जेवण मिळते का, हेही विचारावे. मुलांना शिंपले आणि प्रवाळ गोळा करून आणण्यास मनाई आहे, हेही निघण्यापूर्वीच समजावून सांगावे लागेल.

ए-104 (दुसऱ्या दिवशी)
दोन्ही हॉटेलांना सर्व प्रश्न लिहून पाठवले. स्वस्त हॉटेलाने भरतीचेच जुने छायाचित्र पुन्हा पाठवले आणि परताव्याबद्दल काहीच लिहिले नाही. महाग हॉटेलाने मात्र आज दुपारी काढलेले ओहोटीचे छायाचित्र पाठवले आहे. खडक आहेत, पण उजव्या हाताला वाळूची एक पट्टी पाण्यापर्यंत गेलेली स्पष्ट दिसते. तळमजल्याच्या दोन खोल्या देण्याचे आणि बोट रद्द झाल्यास तारीख बदलून देण्याचे त्यांनी लेखी कळवले आहे. राधानगरला दोन सायंकाळी नेण्यासाठी गाडीचा दर त्यांच्याकडून मागवला आहे.

सी-302
छायाचित्र मोठे करून पाहिले, सर. त्या पट्टीवरून आजी पाण्यापर्यंत चालत जाऊ शकतील. आमच्या कुटुंबाची या हॉटेलाला संमती आहे. आगाऊ रकमेतील आमचा वाटा आज रात्रीच आपल्याकडे जमा करते.