अनुभव धागा: घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला काय घालावे आणि तिथे काय असते

मोठी शर्यत पाहायला पहिल्यांदाच निघालेल्यांना तिकिटापेक्षा पोशाखाचीच चिंता अधिक असते. ज्यांनी अशी शर्यत प्रत्यक्ष मैदानावर पाहिली आहे, त्यांनी तिथले नियम, दिवसाचा क्रम आणि काय घातल्याने सोय झाली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

रॉयल अ‍ॅस्कॉट, इंग्लंड
जूनमधल्या या शर्यतींना जाताना आपला विभाग कोणता हे आधी पाहावे, कारण पोशाखाचे नियम त्यावरच ठरतात. सर्वांत कडक नियम रॉयल एन्क्लोजर या सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांच्या विभागात आहेत: पुरुषांना काळा, करडा किंवा गडद निळा मॉर्निंग सूट (मागे लांब असलेल्या कोटाचा औपचारिक वेश), वेस्टकोट, टाय आणि टॉप हॅट, स्त्रियांना गुडघ्याच्या किंचित वर किंवा खाली येणारा पोशाख आणि हॅट, अथवा निदान १० सेंटिमीटर रुंद तळाचे शिरोभूषण. परदेशी पाहुण्यांना मात्र आपल्या देशाचा औपचारिक पारंपरिक वेश चालतो, म्हणून सभासद स्नेह्यांबरोबर जाताना मी काठापदराची रेशमी साडी नेसले होते. पदर पिनांनी पक्का केला, निऱ्या जमिनीपासून जरा उचलून घेतल्या आणि सपाट तळाचे बूट घातले. याचा फार उपयोग झाला, कारण माझ्या शेजारच्या बाईंची बारीक टाच हिरवळीत पावलागणिक रुतत होती आणि त्या दर वेळी थांबून ती उपसून काढत होत्या. राजघराण्याच्या घोडागाड्या दुपारी दोनच्या सुमारास धावपट्टीवरून येतात. त्याआधी जागा धरावी.

मेलबर्न कप, ऑस्ट्रेलिया
नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर ३२०० मीटरची ही शर्यत होते आणि मेलबर्नला त्या दिवशी सुट्टी असते. इथले हवामान एकाच दिवसात ऊन, वारा आणि पाऊस तिन्ही दाखवते, त्यामुळे सुंदर पोशाखावर चढवता येईल असा कोट बरोबर असावाच. हॅट पिनांनी नीट बसवावी. परतीच्या गाडीला प्रचंड गर्दी असते.

केंटकी डर्बी, अमेरिका
धावपट्टीच्या आतल्या मैदानाचे तिकीट तुलनेने स्वस्त असते, पण तिथून घोडे जवळजवळ दिसतच नाहीत आणि पाऊस झाला की चिखल होतो. शर्यतच पाहायची असेल तर स्टँडमधली जागा घ्यावी. छत्री आत नेऊ देत नाहीत, रेनकोट न्यावा.

इंडियन डर्बी, महालक्ष्मी, मुंबई
१९४३ पासूनची ही २४०० मीटरची शर्यत अडीच मिनिटांच्या आसपास संपते, आणि बाकीची दुपार दोन शर्यतींमधल्या प्रतीक्षेत जाते. ही प्रतीक्षा कंटाळवाणी होऊ द्यायची नसेल तर पॅडॉकपाशी, म्हणजे शर्यतीआधी घोडे आणतात त्या आवारापाशी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे मोतद्दार घोड्यांना फिरवत असतात. मानेवरचा घाम, ताणलेले कान, जॉकीने रिकिबीत पाय घालताच बदलणारी घोड्याची चाल, हे सारे हाताच्या अंतरावरून दिसते. माणसांच्या कपड्यांकडे मग माझे लक्षच जात नाही. फेब्रुवारीतही दुपारचे ऊन लागते, म्हणून सुती किंवा लिननचे फिकट कपडे आणि गॉगल बरे पडतात. सभासदांच्या विभागात कोणी बोलावले असेल, तर पोशाखाचे नियम त्यांनाच आधी विचारून घ्यावेत. दुर्बीण मात्र न विसरता न्यावी, कारण पलीकडच्या सरळ पट्टीवर घोडे असताना साध्या डोळ्यांना जॉकींच्या सदऱ्यांचे रंगही धड ओळखू येत नाहीत.